मातीत विरणारा कागद

बायकोचे जंतू मी मारले, ते तिला मदत करण्याच्या भरात.

तिने मागितली होती नुसती मळी. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. साखर काढून झाल्यावर जो काळा, दाट पाक उरतो ती मळी, आणि ती आमच्याकडे पाण्याहून जास्त असते. उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं आणि मळी टँकरने जाते. कॅन उलटा केला तरी तिची धार लवकर सुटत नाही. तिला कॉलेजात तो त्रास नको म्हणून मी मळी गरम पाण्यात पातळ केली, फडक्यातून गाळली, धुतलेल्या कॅनमध्ये भरली. पातळ मळी लगेच आंबते हे मला ठाऊक, म्हणून वरून फॉर्मॅलिनही टाकलं. लॅबमध्ये उसाच्या रसाचा नमुना ठेवायचा झाला की आम्ही हेच करतो. हात आपोआप बाटलीकडे जातो. रसात जंतू पडले की ते साखर खातात, आणि जंतूंनी साखर खाऊ नये यासाठीच तर मला पगार मिळतो.

तिच्या जंतूंना नेमकी तीच खायची होती.

ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने माझी मळी काचेच्या चंबूंत घातली, जंतू सोडले आणि पाणी गढूळ व्हायची वाट बघत बसली. गढूळ झालं म्हणजे जंतू वाढले. पाणी काही गढूळ होईना. ती स्वतःला दोष देत राहिली, पुन्हा भांडी उकळली, पुन्हा जंतू सोडले. शेवटी एका दुपारी जेवताना तिने सहज विचारलं, "मळीत काही घातलं नव्हतं ना तुम्ही?"

घातलं होतं, मी अभिमानाने सांगितलं. शिवाय मोजून घातलं होतं.

तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "अहो, पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि भाजीत उंदराचं औषध कालवायचं, अशातला प्रकार झाला हा."

तेव्हापासून मळी ती स्वतः आणते. कारखान्याच्या गेटवर कॅन घेऊन उभी राहते आणि मी शेजारून गेलो तरी माझ्या हातात कॅन देत नाही.

हे सगळं सुरू झालं तिच्या माहेरच्या शेतात. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी फक्त कागदावर नांगर चालवला. कुणी भिक्षुकी, कुणी कारकुनी, कुणी मास्तरकी. तिच्या घरी खरी शेती. तिचा धाकटा भाऊ मिरची आणि कलिंगड करतो, आणि दोन्हीला मल्चिंग पेपर लागतो. नावाला पेपर, ते असतं प्लास्टिक, वरून चंदेरी आणि खालून काळं. वाफ्यावर अंथरायचं, भोकं पाडून रोपं लावायची. तण येत नाही, पाणी उडत नाही, पीक सोन्यासारखं. पीक निघालं की मात्र तेच उपटून काढायचं. तोवर ते उन्हाने कुरकुरीत झालेलं असतं. बाया ओढतात, ते फाटतं, निम्मं हातात येतं आणि निम्मं मातीत राहतं. मेहुण्याच्या बांधावरच्या बाभळीला पानांपेक्षा चिंध्या जास्त आहेत. मूठभर माती उचलली तर तळहातावर चंदेरी चकत्या चमकतात.

एकदा आम्ही सुट्टीत तिथं गेलो होतो, तर बायको वाफ्यात बसून त्या चकत्या वेचत होती, तांदळातले खडे वेचावेत तशा. ओच्यात मावेनात इतक्या वेचल्या आणि मागे वळून बघितलं तर वाफा होता तसाच. मी म्हणालो, "चल, चहा झालाय." ती म्हणाली, "आपण मरू, पण हे मरणार नाही." माझी चहाची इच्छा गेली. खोटं कशाला बोलू, गेली नाही. पण चहा मुकाट्याने प्यालो.

त्यानंतर तिने ओढ्याकाठची, शेतातली, कारखान्याच्या मागची अशी कुठकुठली माती डब्यांतून आणली. साबुदाण्याच्या डब्यात माती आणि मातीच्या डब्यात साबुदाणा, असंही आमच्याकडे झालेलं आहे. त्या मातीतून तिने एक जंतू निवडला. तो काय करतो ते ती मला जेवताना सांगायची. त्याला गोड भरपूर द्यायचं, हवा भरपूर द्यायची आणि नत्राचा पुरवठा तोडायचा. नत्राशिवाय त्याला वाढता येत नाही, एकाचे दोन होता येत नाही. पण समोर तर साखर मांडलेली. मग तो खातो आणि वाईट दिवसांसाठी पोटात साठवून ठेवतो. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की त्याच्या पोटात चकचकीत दाणे दिसतात, शेंगेत भरावेत तसे. तो साठा म्हणजेच प्लास्टिक. ते वितळतं, त्याचा कागद होतो, पेला होतो. आणि मातीत टाकलं की मातीतले दुसरे जंतू ते आवडीने खाऊन टाकतात, कारण त्यांच्या लेखी ते कुणीतरी साठवलेलं अन्नच.

"म्हणजे माझ्यासारखंच आहे हे," मी पोटावरून हात फिरवत म्हणालो.

"तुमच्या साठ्याचा कुणाला उपयोग नाही," ती म्हणाली आणि भात वाढला.

कॉलेजातल्या चंबूंत चिमूटभर माल निघायचा. मोठं भांडं हवं होतं. आमच्या डिस्टिलरीत यीस्ट वाढवायचं एक जुनं लहान भांडं धूळ खात पडलं होतं. त्याला वाफ होती, हवेचा पाइप होता. चेअरमनसाहेबांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ज्या माणसाकडे लॅबच्या पंख्यासाठी दोन हंगाम अर्ज करावा लागतो, तो माणूस लगेच हो म्हणाला.

बायको सुट्टीच्या दिवशी तिथं येऊन बसायची. कामगार येता-जाता विचारायचे, "मॅडम, जेवले का आज तुमचे?" मळी सोडायची, हवा सोडायची, फेस आला की मारायचा, मग नत्र बंद. शेवटी गाळून, धुऊन, जंतू फोडून आतलं बाहेर काढायचं. हाती यायची पांढरी पूड, तांदळाच्या पिठासारखी. तिचा तिने पहिला पापुद्रा केला तो दुधावरच्या सायीएवढा पातळ आणि पापडाइतका ठिसूळ. वाकवला की तडकायचा. मग त्यात हे मिसळ, ते मिसळ, असं करत तळहाताएवढा एक तुकडा झाला जो वाकत होता. तिने त्याचा अर्धा भाग कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. काही आठवड्यांनी उकरून बघितलं तर जाळी उरली होती, आणि आणखी काही दिवसांनी तीही नव्हती. ती कुंडीतली माती बोटांनी चाळत राहिली आणि काहीच सापडत नाही म्हणून हसत राहिली. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या विनोदाला ती तशी हसलेली नाही.

तळहाताएवढा तुकडा. एवढंच झालं होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सांगताना माझा तोल जातो.

भाद्रपदातल्या एका रविवारी मेहुणा मोटारसायकलवर आला. मागे सीटला बांधलेली लांब पुठ्ठ्याची पेटी. पेटीवर हिरवं पान, पानाखाली अक्षरं: 'मळीपासून बनवलेला मल्चिंग पेपर. पीक निघाल्यावर थेट ट्रॅक्टरचा रोटर मारा. मातीत विरतो.' आणि बाजूला आमच्या सौभाग्यवतीचा फोटो. कॉलेजात परीक्षेच्या वेळी कुणीतरी काढलेला. कॉपी करणाऱ्याकडे बघावं तशी ती शेतकऱ्याकडे बघत होती.

"ताई," मेहुणा म्हणाला, "आख्ख्या गावात सांगून आलो. कारखान्यानं निवडक सभासदांना आधी दिलंय. सभेत बाकीच्यांना. आन्‌ तुजा सत्कार हाय, पत्रिका आलीय घरी. आता उपटायची कटकट न्हाई. मिरची निघाली का रोटर मारायचा, विषय संपला."

बायकोने पेटी फोडली, रोलचं टोक ओढलं, बोटात चोळलं. पातेल्यात पाणी घेतलं. तिच्या पर्समध्ये पाकिटात ठेवलेला आपला तुकडा आणला, त्याची एक कात्रण केली. रोलची एक कात्रण केली. दोन्ही पाण्यात टाकल्या आणि बोटाने ओल्या केल्या. तिची कात्रण बुडाली, तळाला जाऊन बसली. रोलची वर तरंगत राहिली. मी चमच्याने खाली दाबली. चमचा काढला की वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा आली. निवडणुकीत पडलेला माणूस जसा पुढच्या निवडणुकीला हसत वर येतो, तशी.

"हे पॉलिथीन आहे," ती म्हणाली. "साधं. तू गेल्या वर्षी बाजारातून आणलं होतंस ना नगरहून, तेच. हे पाण्याहून हलकं असतं, म्हणून तरंगतं. माझं जड आहे. हे मी केलेलं नाही, आणि हे मातीत विरणार नाही. रोटर मारलास तर याचे लाख तुकडे होतील आणि ते कधीच उपटता यायचे नाहीत."

मेहुणा हसला. "ताई, तू कशाला कमीपणा घेती? पेटीवर तुजाच फोटू हाय की."

सख्खी बहीण समोर उभी राहून सांगत होती, आणि त्याचा विश्वास बसत होता तो तिच्या फोटोवर. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्या फोटोचा. फोटो बोलत नाही, फोटो विचारत नाही, फोटोला पातेलं लागत नाही. ज्याने तो छापला त्याला हे चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चेअरमनसाहेबांकडे गेलो. त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला आणि स्वतःसाठी बिनसाखरेचा. साहेब कधी आवाज चढवत नाहीत. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं; हसतमुख माणसाशी भांडायला गेलं की आपणच अडाणी दिसतो.

"साहेब, हा कागद माझा नाही," बायको म्हणाली. "हा मातीत विरत नाही."

"आज नाही विरत," साहेब म्हणाले. "उद्या तुमचा येईल, तो विरेल. तोवर लोकांना सवय तर लागू द्या."

"कसली सवय? प्लास्टिकवर रोटर मारायची?"

"मॅडम, पाणी सोडायच्या आधी पाट खणावा लागतो. आम्ही पाट खणतोय. तुमची पूड किती होते? मूठभर. मला टेम्पोभर पाहिजे. नाव आधी होऊ द्या, माल मागून येतो."

"नाव माझं आहे साहेब. आणि पाट माझ्या भावाच्या शेतातून चाललाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, अगदी प्रेमाने. "केमिस्टसाहेब, घरी जरा समजावून सांगा. मॅडम हुशार आहेत, पण व्यवहार तुम्हाला कळतो."

मी "हो साहेब" म्हणालो.

म्हणजे मला म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. इतकी वर्षं त्या खोलीत त्या खुर्चीसमोर उभं राहून तोंडाला दुसरं काही येतच नाही. घरी आल्यावर चप्पल काढताना बायको म्हणाली, "समजवा आता." आणि माहेरच्या बोलीत, जी तिच्या तोंडी फक्त राग डोक्यात गेला की येते, म्हणाली, "लई शाना हाय त्यो. मी सत्काराला जाणार. शाल घेणार, आन्‌ माईकवर सगळ्यांना सांगणार."

सभेला जाऊच नको, असं मला सुचवायचं होतं. सुचवलं नाही. तिच्या तोंडाकडे बघून मी भांडी घासायला गेलो.

ज्यांनी आमच्याकडची वार्षिक सभा पाहिली नाही त्यांना थोडं सांगतो. सभेत विषय वाचायचा आणि सभासदांनी "मंजूर" म्हणायचं. ताळेबंद, मंजूर. मागचं इतिवृत्त, मंजूर. पुढच्या रांगेतले काहीजण विषय संपायची वाटसुद्धा बघत नाहीत. वाचणारा श्वास घ्यायला थांबला की मंजूर. मागे मंडपाच्या कनातीपलीकडे जिलेबी तळली जात असते आणि वारा तिकडून इकडे असतो. सभेचं सगळं भवितव्य वाऱ्याच्या दिशेवर. सगळ्यात शेवटी आभारप्रदर्शन. ते माझ्याकडे असतं, दरवर्षी. माझे उच्चार स्वच्छ आहेत असं कारण देतात. खरं कारण असं की तोवर लोक पंगतीकडे निघालेले असतात आणि पाठींसमोर बोलायला दुसरा कुणी तयार नसतो.

सत्कार झाला. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. बायकोने सगळं घेतलं आणि माईककडे वळली. सूत्रसंचालकाने माईक हातात घट्ट धरून ठेवला. "वेळेअभावी मॅडमचं मनोगत चेअरमनसाहेबच व्यक्त करतील." आणि साहेबांनी तिचं मनोगत व्यक्त केलं. आपल्या भगिनीने मळीतून सोनं काढलं, आपली माती आता प्लास्टिकमुक्त, बेधडक रोटर मारा. टाळ्या. पहिल्या रांगेत मेहुणा उभा राहून टाळ्या वाजवत होता. बायको शाल घेऊन तिथंच उभी राहिली, मग हाताला धरून तिला खाली आणून बसवण्यात आलं. नारळ तिने मांडीवर असा धरला होता की मला सूत्रसंचालकाची काळजी वाटली.

ती माझ्याकडे बघत होती असं मी म्हणणार नाही. ती समोर बघत होती. पण माईक आता माझ्याकडे येणार होता आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मला राग आला की माझा आवाज बारीक होतो, मांजराच्या पिल्लासारखा. हा माझा जुना शत्रू. त्याच आवाजात मी सुरुवात केली. व्यासपीठाचे आभार. मंडपवाल्यांचे आभार. खुर्च्या सरकायला लागल्या. आचाऱ्यांचे आभार. पाठी दिसायला लागल्या. दुसरं कसं बोलायचं मला येत नाही, म्हणून मी त्याच चालीत पुढे गेलो. "हा मल्चिंग पेपर ज्यांनी पुरवला त्या पुरवठादारांचेही आभार. त्यांचा कागद इतका टिकाऊ आहे की तो मातीत कधीही विरणार नाही. तो मळीपासून केलेला नाही, जंतूंनी केलेला नाही, मॅडमनी केलेला नाही. बाजारात मिळतो तोच तो आहे. तेव्हा पीक निघाल्यावर सभासद बंधू तो उपटून काढण्याचे कष्ट घेतील, रोटर मारणार नाहीत, त्याबद्दल त्यांचे आगाऊ आभार."

मी श्वास घ्यायला थांबलो.

पुढच्या रांगेतून आवाज आला, "मंजूर."

मागून आणखी काहीजण म्हणाले, "मंजूर, मंजूर."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो आणि ते एकमताने मंजूर होऊन इतिवृत्तात जमा झालं. कुणाला काही कळलं नाही. मग मात्र बारीक आवाज गेला कुठल्या कुठे. मी म्हणालो, "मंजूर काय म्हणताय, ऐका. फसवलंय तुम्हाला. पेटीवरचं सगळं खोटं आहे." हे मंडपात घुमलं. स्पीकर जेवणाच्या तंबूतही लावलेला होता. साहेबांचं हसू तसंच होतं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. पाठी वळल्या. आणि मधल्या रांगेतून एक पोक्त आवाज, जाणत्या माणसाचा, शेजारच्याला समजावून सांगणारा: "बायकुचा सत्कार झाला ना. सोसंना त्याला."

हशा पिकला. मोकळा, प्रेमळ, गावकी हशा. ज्यांच्या मातीसाठी मी नोकरी पणाला लावली त्यांनी मला समजून घेतलं, माफही केलं, आणि ते जेवायला गेले. मी माईक धरून उभा. मला त्या साहेबांपेक्षा त्या हशाचा जास्त राग आला, अजून येतो. खोटं बोलणाऱ्याला निदान माहीत असतं की तो खोटं बोलतोय.

मेहुणा व्यासपीठाच्या पायऱ्यांशी आला. तोंड लाल झालेलं. "दाजी, तुमाला मी चांगला मानूस समजत हुतो. ताईचं एक दिवस चांगलं झालं, ते बी तुमाला बगवंना?"

मी काही बोलायच्या आत बायको आली. शाल तिने खुर्चीवर टाकली होती, नारळही. भावाचा दंड धरून तिने त्याला ओढत तंबूकडे नेलं, लहानपणी शाळेत नेत असेल तसं. तिथं पिण्याच्या पाण्याचं मोठं घंगाळं होतं. शेजारच्या टेबलावर वाटायच्या रोलांची चळत. तिने एक रोल ओढून पट्टी फाडली आणि घंगाळ्यात टाकली.

"अवो मॅडम, पाणी प्यायचं हाय," वाढपी म्हणाला.

"दुसरं भरा," ती म्हणाली. मग पर्समधून आपला उरलेला तुकडा काढला. सगळा, कात्रण न करता. पाण्यात सोडला. तो हळूहळू खाली गेला. "हा माझा. तुझ्या हाताने दाब आता तो दुसरा."

मेहुण्याने बोटाने पट्टी दाबली. वर आली. मुठीत धरून तळाला नेली आणि सोडली. वर आली. हातात पत्रावळ घेतलेली माणसं भोवती जमली. कुणी म्हणालं, "मॅडमचा बुडाला, म्हंजी कारखान्याचा भारी." त्यावरही दोघंतिघं हसले. मेहुणा हसला नाही. कोपरापर्यंत ओला हात तसाच ठेवून तो विचारत होता, "ताई, मंग तू परवा पातेल्यात दावलंस तवा बी असंच झाल्तं. मीच बघितलं न्हाई व्हय?"

"बघितलंस. तुला पेटी जास्त आवडली."

गावभर दाखवायला मोटारसायकलला बांधून ठेवलेला आपला रोल त्याने सोडून आणला आणि टेबलावर आपटला. वाटप करणारा कारकून म्हणाला, "अरे, फुकाट हाय."

"म्हणूनच ठिवा," मेहुणा म्हणाला.

त्याच्यामागे काहीजणांनी रोल परत ठेवले. काहीजणांनी दोन-दोन नेले. एक म्हातारबाबा काखेत रोल मारून निघाले होते, त्यांना मी अडवलं तर म्हणाले, "सायेब, मला शेतात न्हाई घालायचा. कडब्याच्या गंजीवर टाकायचाय." बायको म्हणाली, "घेऊ द्या त्यांना. गंजीवरचा ओढून काढता येतो." तेवढाच त्या दिवसातला शहाणा वापर.

माझ्याकडून खुलासा मागवला गेला. सभेच्या शिस्तीस बाधा, असे शब्द होते. डिस्टिलरीतलं भांडं त्याच आठवड्यात रिकामं करून धुऊन काढलं. कामगारांपैकी एकाने येऊन सांगितलं, तेसुद्धा लॅबच्या दाराबाहेर उभं राहून. तिचा जंतू कॉलेजच्या फ्रीजमध्ये शाबूत आहे, पण आता पुन्हा चंबू, पुन्हा चिमूट. पेट्यांवरचा फोटो अजून तालुकाभर फिरतोय. मी बाजारात दिसलो की लोक एकमेकांना कोपराने ढोसतात: हेच ते, बायकोचं कौतुक न सोसणारे.

त्या सभेच्या दिवशी आम्ही न जेवताच परत आलो होतो. घरी आल्यावर तिने पिठलं टाकलं. मी ओट्याशी कांदा चिरत होतो. राग अजून हातात होता, कांदा फार बारीक चिरला जात होता. मी म्हणालो, "झालं. आता मला आभार मानायला कुणी बोलवायचं नाही."

"बरं झालं," ती पिठलं हलवत म्हणाली. "चोराचे आधी आभार मानायचे आणि मग त्याला चोर म्हणायचं, ही कुठली रीत? पुढच्या वेळी सरळ चोर म्हणा."